ओरेगॉनच्या खडकाळ किनाऱ्यावर आरव्ही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेचा हायवे १०१ ओरेगॉन राज्यात उत्तरेच्या अस्टोरियापासून दक्षिणेला ब्रुकिंग्ज ओलांडून कॅलिफोर्नियाच्या हद्दीपर्यंत साधारण ३६३ मैल, म्हणजे ५८४ किलोमीटर, समुद्राच्या कडेकडेने जातो. आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी (स्वतः चालणारं मोटरहोम किंवा मागे ओढायचा ट्रेलर), घेऊन या रस्त्याला लागणारे जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं.

उत्तरेकडून दक्षिणेला जावं की उलट?

उत्तरेकडून दक्षिणेला. इथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, त्यामुळे दक्षिणेकडे जाताना समुद्र आपल्याच बाजूला राहतो. समुद्र बघायला थांबायच्या जागा उजव्या हाताला येतात आणि तीस फुटी धूड समोरची रहदारी कापून डावीकडे घालावं लागत नाही. उन्हाळ्यात वारा वायव्येकडून वाहतो, तोही पाठीशी राहतो. तोटा एकच: शेजारच्या सीटवर बसणारा थेट कड्याच्या बाजूला येतो. उंचीची भीती असलेल्या माणसाला निआकाहनी डोंगराच्या टप्प्यात मागच्या पट्टा असलेल्या सीटवर बसवावं.

रोज किती मैलांचा बेत धरावा?

ऐंशी ते शंभर. नकाशावर हा आकडा किरकोळ वाटतो, पण दर थोड्या अंतरावर गाव येतं, गावात वेगमर्यादा ताशी २५ ते ३५ मैलांवर उतरते, गावाबाहेर पडलं की वळणं सुरू होतात. सरासरी ३५ मैलांच्या वर जात नाही. सबंध किनारा नीट बघायला सहा-सात दिवस लागतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुपारी दोनच्या आत मुक्कामी पोचावं. उन्हाळ्यात वाऱ्याचा जोर दुपारनंतर वाढत जातो आणि संध्याकाळी उशिरा ओसरतो. दिवसाच्या या भागात पुलावर असण्यापेक्षा खुंट्या ठोकून बसलेलं बरं.

कोणत्या महिन्यात जावं?

जुलै ते सप्टेंबर पाऊस कमी असतो, आणि त्यातही सप्टेंबर सगळ्यात चांगला. भर उन्हाळ्यातही दिवसाचं तापमान १५ ते १८ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. उत्तरेचा वारा किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ढकलतो, खालचं थंडगार पाणी वर येतं आणि त्यावरून येणारी दमट हवा धुकं होऊन बसते. आतल्या खोऱ्यात उष्णतेची लाट आली की किनाऱ्यावर धुकं आणि वारा दोन्ही वाढतात, कारण तापलेली जमीन समुद्रावरची हवा आत ओढून घेते. त्यामुळे आतल्या खोऱ्यातल्या पोर्टलंड शहराचा हवामान अंदाज बघून सामान भरू नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी वादळांचे महिने. वादळं बघायलाच मुद्दाम येणारे लोक असतात, पण त्यांनी स्लाइड-आउट (मुक्कामी बाहेर सरकवायचा खोलीचा भाग) नसलेली, आखूड गाडी आणावी.

किती लांबीची गाडी चालते?

हायवेवर कायद्यात बसणारी कुठलीही गाडी जाते. अडचण येते ती उतरण्याच्या जागी. २४ ते ३० फूट लांबी असली की बहुतेक ठिकाणी जागा मिळते. ३५ फुटांपुढे पर्याय झपाट्याने कमी होतात. कॅम्पसाइटची जी लांबी दिलेली असते ती फरसबंदीची असते, आणि ट्रेलर असेल तर ओढणारी गाडीही त्यातच बसावी लागते.

लांब मोटरहोमवाले इथे ठोकतात ते बहुधा पुढून नाही, मागून. मागच्या चाकांच्या पलीकडे जो भाग लोंबकळतो, तो वळताना उलट दिशेला फिरतो. ढोबळ हिशेब असा की मागे दर तीन फूट लोंबकळणाऱ्या भागामागे शेपूट एक फूट बाहेर जाते. कठड्याला खेटून गाडी उभी केली, निघताना स्टिअरिंग झटक्यात डावीकडे मारलं, की मागचा उजवा कोपरा थेट कठड्याच्या पत्र्यावर. म्हणून उभं राहतानाच उजवीकडे चारेक फूट मोकळे सोडा, निघताना आधी दहा फूट सरळ पुढे घ्या आणि मग हळू वळा.

मोठ्या गाडीने कोणते फाटे टाळावेत?

कॅनन बीचजवळच्या इकोला स्टेट पार्कचा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे. तिथे मोठी गाडी नेऊ नये. केप फाउलवेदरजवळच्या ऑटर क्रेस्ट लूपचा काही भाग एकेरी आहे. केप पर्पेचुआच्या माथ्यावरचा फाटाही लहान गाडीसाठीच. ब्रुकिंग्जच्या उत्तरेला सॅम्युएल बोर्डमन नावाचा बारा मैलांचा पट्टा आहे, सगळ्या किनाऱ्यात बहुधा सर्वांत देखणा. तिथल्या काही थांब्यांवर मोठी गाडी शिरते, पण आत आधीच चार गाड्या असल्या तर बाहेर पडायला फिरवता येत नाही. तिथे सकाळी नऊच्या आत जा, किंवा मोटरहोम हॅरिस बीचच्या कॅम्पग्राउंडवर ठेवून मागे ओढून आणलेल्या लहान गाडीने फिरा.

मुख्य हायवेवर लक्ष देऊन चालवायचे टप्पे दोन. एक, आर्च केपचा बोगदा आणि त्यानंतरचा निआकाहनीचा कडा. दुसरा, याहाट्स ते फ्लॉरेन्स (इंग्रजी अक्षरांवरून वेगळंच वाचाल, पण उच्चार याहाट्स). बोगद्याच्या तोंडाशी पिवळे दिवे लुकलुकत असले तर आत सायकलस्वार आहे असं समजा. त्याने बटण दाबल्यावरच ते लागतात. आत त्याला ओलांडू नका.

उतारावर ब्रेकचा वास येतो. काय चुकतं?

पाय ब्रेकवर सतत हलका टेकलेला राहतो, हे चुकतं. हलक्या पण सततच्या दाबाने डिस्क आणि पॅडना थंड व्हायला उसंत मिळत नाही. पॅड तापून पकड जाते, ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यातलं पाणी उकळून वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं.

उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. ऑटोमॅटिक असेल तर टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर खाली धरून ठेवणारी सोय) लावा. समजा ३० मैलांचा वेग ठीक वाटतोय. काटा ३० ला पोचला की ब्रेक ठामपणे दाबा, साधारण तीन सेकंदांत वेग २५ वर आणा आणि पाय पूर्ण उचला. पुन्हा ३० झाला की पुन्हा तेच. इंजिनाचा आवाज वाढतो, त्याला घाबरू नका. आवाज वाढला तरी आरपीएमचा काटा लाल पट्ट्यात जात नाही एवढं बघा.

मागे गाड्यांची रांग लागते. थांबायलाच हवं का?

हो. शेजारच्या कॅलिफोर्नियात तर दुपदरी रस्त्यावर मागे पाच किंवा जास्त गाड्या अडकल्या की सुरक्षित जागा बघून बाजूला होणं कायद्याने बंधनकारक आहे. आकड्याची वाट न बघता ओरेगॉनमध्येही तसंच करा. तिसरी गाडी आरशात दिसली की पुढच्या थांब्याला सिग्नल द्या. मागे चिकटलेला स्थानिक माणूस कामावर निघालेला असतो, तुमच्यासारखा सहलीला नाही.

पुलांवर वाऱ्याने गाडी हलते. कधी थांबावं?

आकडेमोड केली की उत्तर सोपं होतं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीस फूट लांब, दहा फूट उंच गाडीची बाजू म्हणजे ३०० चौरस फुटांचं शीड. ताशी ४० मैलांच्या आडव्या वाऱ्यात त्यावर सुमारे १,२०० पौंड जोर येतो. ६० मैलांच्या वाऱ्यात तोच २,७०० च्या वर जातो. वेग दीडपट, जोर सव्वादोनपट.

म्हणून ३० मैलांपर्यंतच्या झोतात वेग कमी करून चाला, ४० च्या वर झोत असतील तर थांबा, मग बुकिंग चुकलं तरी चालेल. न्यूपोर्टचा याक्विना बे पूल, फ्लॉरेन्सचा सायूस्लॉ पूल आणि कूस बेचा मोठा पूल हे तिन्ही १९३६ मध्ये खुले झाले, कोंडे मॅककुलॉ या अभियंत्याच्या काळातले. दिसायला अप्रतिम, पण त्या काळच्या गाड्यांच्या मापाचे. लेन अरुंद, कडेला मोकळी जागा नाही. साडेआठ फूट रुंदीच्या गाडीला आरसे धरून दोन्हीकडे थोडंच अंतर उरतं. डोंगराच्या आडोशातून पुलावर निघताना पहिला झोत अचानक येतो, तेव्हा दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत.

ट्रेलर मागे डुलायला लागला तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताच्या कळीने लावा. पायाचा ब्रेक जोरात दाबला की डुलणं वाढतं. मुळात वजन चुकीचं भरलेलं असतं: जोडणीच्या गोळ्यावर ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा. मागच्या चाकांपलीकडे असलेली टाकी काठोकाठ भरली की हा भार कमी होतो आणि शेपूट हलकेच नाचायला लागते.

रात्री रस्त्याच्या कडेला समुद्रासमोर थांबता येतं का?

नाही. किनाऱ्यावरच्या दिवसापुरत्या पार्किंगच्या जागी रात्री मुक्काम करता येत नाही. महामार्गाच्या विश्रांतिस्थळांवर २४ तासांत जास्तीत जास्त १२ तास थांबता येतं, पण तिथे खुर्च्या मांडून तळ ठोकायचा नाही.

मग कॅम्पग्राउंड कोणते, आणि बुकिंग कधी?

स्टेट पार्कचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारच्या जागा लगेच जातात, मंगळवार-बुधवारच्या बऱ्याच उशिरापर्यंत मिळतात. एका पार्कमध्ये १७ दिवसांत १४ रात्रींपेक्षा जास्त राहता येत नाही.

उत्तरेला फोर्ट स्टीव्हन्स, प्रचंड मोठं आणि मोठ्या गाड्यांना सोयीचं. १९०६ मध्ये वाळूत रुतलेल्या पीटर इरेडेल जहाजाचा सांगाडा तिथेच आहे. बेव्हर्ली बीचचं कॅम्पग्राउंड हायवेच्या आतल्या बाजूला झाडीत असल्यामुळे वारा अडतो, आणि पुळणीवर पायवाटेने रस्त्याखालून जाता येतं. फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला हनीमन, गोड्या पाण्याचे तलाव आणि वाळूचे डोंगर. हम्बग माउंटन डोंगराच्या कुशीत. एक नियम धरा: जिथून समुद्र दिसतो तिथे वारा लागतो. वादळी अंदाज असेल तर झाडीतली जागा घ्या आणि समुद्र चालत जाऊन बघा.

जागेवर गाडी कशी लावावी?

तोंड वाऱ्याकडे. उभी-आडवी निवड नसेल तर निदान दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला येईल असं बघा. वाऱ्याने हिसकावलेलं दार बिजागरीसकट वाकतं. बाहेरचं छत, म्हणजे ऑनिंग, माणूस शेजारी नसताना उघडं ठेवू नका. झोपताना तर नाहीच. दांडे उलटे फिरून छतावर आदळलेलं ऑनिंग दुरुस्त होत नाही, बदलावं लागतं. झोत ३५ मैलांच्या वर गेले तर स्लाइड-आउटही आत घ्या, वरचं कापड फडफडून फाटतं.

गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रीज असेल तर गाडी समतल हवीच, आडव्यात तीन अंशांच्या आत. हा फ्रीज वाऱ्यात वारंवार बंद पडत असेल तर तो बहुधा बिघडलेला नसतो. बाहेरच्या खालच्या जाळीतून आलेला झोत आतली ज्योत विझवतो. तो विजेवर लावा, किंवा ती बाजू आडोशाला करा. जाळी चिकटपट्टीने पूर्ण बंद मात्र करू नका, ज्योतीला लागणारी हवा तिथूनच येते.

३० अँपिअरच्या जागेवर सारखा ब्रेकर पडतो. का?

जागेवरच्या विजेच्या खांबातून मिळतात १२० व्होल्ट गुणिले ३०, म्हणजे ३,६०० वॉट. गारठ्यामुळे सगळे खोलीत हीटर लावतात: १,५०० वॉट, साडेबारा अँपिअर. गरम पाण्याच्या टाकीची विजेची कॉइल आणखी १२. त्यात कोणी मायक्रोवेव्ह लावला की तेरा-चौदाची भर. बेरीज सदतीसच्या पुढे. टाकी गॅसवर लावा, म्हणजे बाकी सगळं बसतं.

बेरीज कमी असूनही ब्रेकर पडत असेल तर प्लगला हात लावून बघा. गरम लागला, पिना काळसर दिसल्या, तर खाऱ्या हवेने संपर्क खराब झालाय. खांबावरचा ब्रेकर बंद करूनच प्लग काढा, बारीक सॅंडपेपरने पिना चमकवा. खांबावरचं सॉकेटच सैल किंवा जळकं असेल तर दुसरी जागा मागून घ्या. साफ केलेला प्लग त्यात पुन्हा जळणारच.

सकाळी खिडक्या आणि गादीखालची फळी ओली असते. गळती आहे का?

बहुतेक वेळा गळती नसते, आतलाच ओलावा असतो. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गाडीच्या बसवलेल्या फर्नेसची वाफ बाहेर जाते, पण स्वयंपाकाच्या शेगडीची आणि सुट्या गॅस हीटरची सगळी आतच राहते. त्यात माणसांचा श्वास आणि ओले कोट. रात्री थंड काचेवर आणि गादीखाली हेच पाणी साचतं.

शेगडीने खोली तापवू नका. त्यात कार्बन मोनॉक्साइडचा धोकाही आहे. छताची खिडकी इंचभर आणि विरुद्ध बाजूची एक खिडकी फटभर उघडी ठेवा. गादीखाली जाळीदार थर घाला, भिंतीलगतच्या कपाटांची दारं रात्री किलकिली ठेवा. पाऊस पडला की एकाच कोपऱ्यात डाग वाढत असेल, तर मात्र छताच्या कडेचं सीलंट तपासा.

टाक्यांबद्दल एवढंच सांगा.

काळ्या टाकीचा, म्हणजे संडासाच्या टाकीचा, व्हॉल्व्ह सांडपाण्याची जोडणी असली तरी बंद ठेवा. दोन तृतीयांश भरली की उघडा, आधी काळी, मग करडी (सिंक आणि न्हाणीच्या पाण्याची). सतत उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि घट्ट मळाचा ढीग आत साचून वाळतो. सगळ्या पार्कमध्ये टाकी रिकामी करायची सोय नाही, बुकिंग करतानाच बघा. तिथे धुण्यासाठी असलेल्या नळाला पिण्याच्या पाण्याचा पाइप लावू नका. चाळीस गॅलन पाणी म्हणजे ३३० पौंड, भरलेली टाकी घेऊन वळणांवर उगाच फिरू नका.

पुळणीवर गाडी नेता येते का?

१९६७ च्या कायद्याने ओरेगॉनची पुळण सगळ्यांना खुली आहे, वाहनांना मात्र ठराविक पट्ट्यांतच परवानगी आहे. असली तरी मोटरहोम नेऊ नका. ओली वाळू घट्ट वाटते, थांबल्यावर चाकाखालून पाणी सुटतं आणि गाडी जागेवरच बसते. चाक फिरू लागलं की लगेच पाय उचला. आणखी गॅस दिला की खड्डाच खणला जातो. चाकांपुढची वाळू काढा, फळ्या घाला, सरळ रेषेत ओढून घ्या. भरती कधी येते ते आधी बघा, कारण वेळ तेवढाच आहे.

लाटांचं नक्की कशाला घाबरायचं?

ओंडक्यांना. हिवाळी वादळं मोठमोठे ओंडके किनाऱ्यावर आणून टाकतात. वाळूत पडलेला टनभर वजनाचा ओंडका घोटाभर पाण्यातही उचलला जातो आणि गडगडतो. त्यावर बसू नका, मुलांना चढू देऊ नका. बराच वेळ लहान लाटा येऊन मध्येच एखादी खूप आत घुसते, म्हणून समुद्राकडे पाठ करू नका. खडकांतली डबकी बघायची तर ओहोटीच्या तासभर आधी उतरा आणि पाणी फिरलं की परता. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी जास्त खाली जाते, पण भरतीही तितकीच चढते आणि परतीची वाट आधी बुडते.

सुनामीचा इशारा मिळाला तर गाडी काढायची का?

जमीन जोरात हादरली तर नाही. या किनाऱ्यासमोर कॅस्केडिया भ्रंश आहे. त्याचा शेवटचा महाभूकंप २६ जानेवारी १७०० रोजी झाला. तसा भूकंप काही मिनिटं चालतो आणि पहिली लाट १५-२० मिनिटांत येऊ शकते. जॅक उचलणं, केबल काढणं, यात सगळा वेळ जाईल आणि रस्ता फुटलेला असेल. हादरे थांबताच पायी उंचावर चढा, पहिली लाट ओसरली तरी खाली येऊ नका. दूरच्या भूकंपाची लाट यायला काही तास लागतात, तेव्हा अधिकारी सांगतील तसं गाडीने निघता येतं.

मुक्कामाला पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी निळ्या पाट्यांवरचा मार्ग एकदा चालून बघा. किती मिनिटं लागतात ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवं, आणि बूट व टॉर्च दाराशी हवेत.

खाऱ्या हवेचा परिणाम किती, आणि परत आल्यावर काय करावं?

आठवड्याभरातच जॅकच्या दांड्यांवर पांढरी पूड दिसते. दर दोन-तीन दिवसांनी मऊ कापडाने त्या पुसा. परतल्यावर पहिल्याच दिवशी खालचा सांगाडा, स्प्रिंगा आणि पायरी गोड्या पाण्याने भरपूर धुवा, पण प्रेशर वॉशरचा फवारा बेअरिंगच्या सीलवर आणि एसीच्या पातळ पत्र्यांवर मारू नका. ट्रेलरच्या सात पिनांच्या जोडणीत डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. मागचे दिवे मध्येच जाणं हे बहुतेक वेळा तिथलंच गंजणं असतं. कुलपांत ग्रॅफाइटची पूड घाला, तेलात वाळू चिकटते.

पाण्याच्या हीटरची टाकी पोलादी असेल तर त्यात एक अॅनोड दांडा असतो, टाकीऐवजी तो झिजतो. हीटर बंद करून पाणी पूर्ण थंड होऊ द्या, दाब सोडा, मगच दांडा उघडा. पाऊण भाग खाल्लेला दिसला तर बदला. ॲल्युमिनियमच्या टाकीला हा दांडा नसतो. तिथे प्लास्टिकचा बूच असतो, तोच परत लावायचा.